टाकळीचे वानखडे आणि डाकभाऊ

नवा माणूस भेटला की आमचे डाकभाऊ त्याला आधी आडनाव विचारत आणि मग बसायला सांगत. आडनाव कळलं की डोळे बारीक करत, आणि मग त्या माणसाचे पूर्वज कोणत्या गावाहून निघाले ते सांगून टाकत. समोरच्याला ते पटो न पटो, त्यांना फरक पडत नसे.

मी आर्वी तहसिलीतल्या टाकळीच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. त्या काळी लहान गावात शाळेचा मास्तरच डाकघर चालवत असे. शाळेच्या ओसरीत एक कपाट, एक तराजू, शिक्के आणि शाईची गादी, एवढंच आमचं डाकघर. आर्वीहून थैली घेऊन येणारे आणि आमच्या गावासह चार खेड्यांत पत्रं वाटणारे ते डाकभाऊ. पन्नाशीचे, उंच, किंचित वाकलेले, खाकी कोट आणि डोक्यावर पांढरी टोपी. पहिल्या दिवशी सायकल भिंतीला टेकवून त्यांनी मला विचारलं, "मास्तर, तुमचं आडनाव काय म्हणले?"

"रोहणकर."

"म्हणजे रोहण्याचे."

"नाही, आम्ही वर्ध्याचे. आजोबांपासून."

"वर्ध्याचे कसे असान जी? वर्धा कालपरवाचं. रेल्वे आली तवा पालकवाडीचं वर्धा झालं. तुमचे आजोबा नाई तर पणजोबा रोहण्याहून निघाले. वडलायले विचारून पाह्यजा."

दिवाळीला घरी गेलो तेव्हा वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, "हो, रोहण्याला आपली विहीर होती म्हणतात. तुला कोणी सांगितलं?" परत आल्यावर मी हे डाकभाऊंना सांगितलं, तर त्यांना आनंद वगैरे काही झाला नाही. बरोबर पत्त्यावर पत्र पोचल्याचा कसला आनंद, असा त्यांचा चेहरा होता.

हे ज्ञान त्यांनी कुठून मिळवलं, तर डाकखात्यातूनच. देशातल्या डाकघरांच्या नावांची एक जाड यादी असते. नवी आली की जुनी रद्दीत जाते. अशी एक जुनी, पाठ उसवलेली यादी त्यांनी आर्वीच्या पोस्टमास्तरांकडून मागून घेतली होती. दुपारी वाटप संपलं की शाळेच्या ओसरीत बसून ते ती चाळत. एखादं गाव सापडलं की समासात पेन्सिलीनं आडनाव लिहीत. "आडनाव म्हणजे माणसाचा जुना पत्ता," असं ते म्हणत. "घर बदललं, गाव बदललं, तरी पत्ता पुसला नाई. डाकखात्याले हे ठाऊक नाई, म्हणून सांगून राह्यलो."

त्यांचं स्वतःचं आडनाव मात्र निनावे. आमच्या भागात हे आडनाव पुष्कळ आढळतं, पण त्या यादीत त्याचं गाव काही सापडेना. वरच्या आळीतले लोक थट्टा करत की निनावी पत्र घेऊन निनावे आले. डाकभाऊ हसत नसत. एकदा ते मला म्हणाले, "लोकायले हसू येते. मले वाटते, माह्या कोण्या बुढ्यानं आपलं गाव सांगतलं नसन. सांगण्यासारखं नसन काही." एवढं बोलून ते पुन्हा यादी चाळू लागले.

आता वानखड्यांविषयी. टाकळीत त्या वेळी वानखड्यांची चौदा घरं होती. त्यात कुणबी होते, माळी होते, आणि नाल्यापलीकडच्या वस्तीतलेही होते. वऱ्हाडात वानखेड नावाचं गाव आहे, तिथून निघालेले ते वानखडे, हे डाकभाऊंचं ठाम मत. आता या वानखेडातला वान म्हणजे काय, यावर मात्र गावात दोन पक्ष होते. कोणी म्हणे वान म्हणजे वानर, तिथं वानरं फार. कोणी म्हणे वान म्हणजे रान. डाकभाऊ दोन्ही बाजूंचं ऐकून घेत आणि म्हणत, "वानर असो की रान असो, माणसं तिथं टिकली नाई एवढं खरं. टिकली असती तर जिकडेतिकडे वानखडे झाले नसते. ज्यायनं गाव सोडलं त्यायलेच गावाचं नाव लागते. जे तिथंच राह्यले त्यायले कोण म्हणते वानखडे?" आडनाव का पसरतं, याचं याहून सोपं उत्तर मला पुढे कुणाकडून मिळालं नाही.

चौदा घरांत एकच आडनाव म्हटल्यावर पत्रांचा घोळ व्हायचाच. तो टाळायला डाकभाऊंनी आपल्यापुरती नावं पाडली होती. विहिरीजवळचे वानखडे, कवठाचे वानखडे, संत्र्यावाले वानखडे. पत्रावर नुसतं वानखडे असलं की ते वरच्या आळीच्या तोंडाशी सायकल थांबवून विचारत, "कोणते वानखडे?" मग ओट्यावरची माणसं पत्र हातात घेऊन, अक्षर पाहून, कुठल्या गावाहून आलं ते पाहून निवाडा करत.

नाल्यापलीकडच्या पत्रांसाठी हे करावं लागत नसे. त्या पत्त्यांत वस्तीचं जुनं नाव असायचं आणि त्या नावातच जात लिहिलेली असायची. डाकभाऊ नाल्याच्या अलीकडे उभे राहून सायकलची घंटी वाजवत. पलीकडून कोणी तरी येई आणि पत्र घेऊन जाई. कुणब्यांच्या ओट्यावर ते बसत, पाणी पीत. नाला त्यांनी कधी ओलांडला नव्हता. मला तेव्हा यात काही वावगं दिसलं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

नागपूरला दीक्षा झाली त्या दसऱ्याला वस्तीतली बहुतेक घरं जाऊन आली. बौद्ध होऊन परतली. पुढच्या उन्हाळ्यात तिथला महादेव रामाजी वानखडे मॅट्रिक झाला. वस्तीतला पहिलाच. सकाळी आईसोबत मजुरी आणि नंतर सहा मैल चालत आर्वीची शाळा, असं त्यानं काढलं होतं. वर्ध्याला शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी तो अर्ज करणार होता. अर्जाचा लिफाफा टाकायला तो ओसरीत आला तेव्हा डाकभाऊ तिथंच बसले होते. त्यांनी लिफाफा उलटा करून पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला.

"महादेव, पत्ता पुरा लिह्य बाबू. वस्तीचं नाव घाल. वानखडे इथं लय आहेत."

"नाई घालत जी," महादेव शांतपणे म्हणाला. "त्या नावात जात आहे. ते आम्ही दसऱ्याले सोडलं."

"अरे, पण घोळ होते म्हणून सांगून राह्यलो."

"गाव लिहिलं, आडनाव लिहिलं. बाकीच्या लोकायले एवढ्यावर पत्र भेटते ना?"

"भेटते."

"मग मलेही द्या."

डाकभाऊंनी लिफाफा माझ्याकडे सरकवला. मी त्यावर शिक्का मारला. महादेव गेल्यावर ते बराच वेळ टोपी हातात घेऊन बसले होते. "बोलला ते बरोबरच बोलला," एवढंच म्हणाले.

महिन्याभरानं महादेव चौकशीला आला. पत्र नव्हतं. आठ दिवसांनी पुन्हा आला, तेव्हाही नव्हतं. तिसऱ्यांदा आला तो एका बुधवारी दुपारी, घामाघूम होऊन. आर्वीला त्याचा सोबती भेटला होता. दोघांनी एकाच दिवशी अर्ज टाकला होता आणि सोबत्याला पंधरा दिवसांपूर्वीच मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. मुलाखती सोमवारपासून सुरू झाल्या होत्या.

"मले काऊन नाई आलं, मास्तर?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. आपणच अर्जात काही चुकलो असू, असं त्याला वाटत होतं.

मी कपाट उघडून उगाच रिकामा खण पाहिला. डाकभाऊ त्या वेळी थैली बांधत होते. त्यांचे हात थांबले. ते बाकावर बसले.

"मास्तर," ते म्हणाले, "तो लिफाफा माह्या हातून गेला."

मला काही समजेना. त्यांनी सावकाश सांगितलं. पंधरा दिवसांपूर्वी एक लांब सरकारी लिफाफा आला होता. वर इंग्रजीत टाइप केलेलं, एम. आर. वानखडे, टाकळी. वरच्या आळीतल्या रामराव वानखड्यांचा मुलगा मधुकर नागपूरला कॉलेजात होता. मधुकर रामराव, म्हणजे एम. आर. डाकभाऊंनी लिफाफा रामरावांच्या ओट्यावर नेऊन दिला.

"पण तुम्ही तर नेहमी विचारता, कोणते वानखडे म्हणून," मी म्हणालो.

"त्या दिवशी नाई विचारलं. लंबा लिफाफा पाह्यला अन् पाय आपोआप वर वळले." मग महादेवकडे न पाहता ते म्हणाले, "असा लिफाफा नाल्यापलीकडे येईन, हे मनातच आलं नाई. तू अर्ज टाकला तवा मी इथंच बसलो होतो, तरी नाई आलं."

आम्ही तिघे रामरावांकडे निघालो. महादेव आळीच्या तोंडाशी थांबू लागला, तर डाकभाऊ म्हणाले, "चाल. पत्र तुझं आहे." रामराव पन्नास एकरांचे धनी, स्वभावानं वाईट नव्हते. शाळेच्या छपरावरची कवेलू त्यांनीच घालून दिली होती. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मधू सुटीत येईल तेव्हा पाहील म्हणून त्यांनी लिफाफा भिंतीतल्या देवळीत ठेवला होता, आणि तो तसाच बंद होता. डाकभाऊंनी तो मागितला आणि माझ्याकडे दिला. मी उघडून वाचला. महादेव रामाजी वानखडे, मुलाखत सोमवारी सकाळी.

रामरावांनी महादेवकडे पाहिलं, मग डाकभाऊंकडे. "हा लिफाफा याचा कसा?" ते म्हणाले. "वानखडे आम्ही आहो. हे कुठले वानखडे? आमच्या घरी राबत होते, म्हणून आमचं नाव लावलं यायनं."

मी पत्र घडी करून महादेवच्या हातात दिलं. मला वाटलं, डाकभाऊ आता गोड बोलून विषय संपवतील. वरच्या आळीत ते नेहमी तसंच करत. पण ते ओट्याच्या पायरीवरून खाली उतरले आणि महादेवच्या शेजारी उभे राहून बोलले.

"रामरावजी, वानखेडातून तुमचा बुढा निघाला असन बैलगाडीत. त्याच वाटेनं याचा बुढाही निघाला असन, पायी. तुमच्या गाडीच्या मांगं असन नाई तर पुढं असन, ते मले ठाऊक नाई. पण गाव दोघायनंही सोडलं, म्हणून दोघायलेही नाव लागलं. तुम्ही दिलं नाई ते त्यायले. गावानं दिलं. अन् तुमालेही गावानंच दिलं."

रामराव म्हणाले, "तुम्ही आमच्या ओट्यावर पाणी पेता, डाकभाऊ."

"होय जी. खूप वर्षं पेलो," डाकभाऊ म्हणाले, आणि आम्ही निघालो.

तिथून ते सरळ नाल्याकडे चालू लागले. पाऊस लांबला होता; नाल्यात पाणी नव्हतं, वाळू तापलेली होती. अलीकडच्या काठावर त्यांची सायकल नेहमी थांबायची, त्या जागी ते थांबले नाहीत. महादेवची आई गोदाबाई दारात तूर पाखडत होती. खाकी कोट अंगणात आलेला पाहून ती घाबरून उठली. डाकभाऊंनी टोपी काढली आणि घडलं ते सगळं तिला सांगितलं. काही झाकलं नाही. आपण पत्र कुठं दिलं आणि का दिलं, हेही सांगितलं.

गोदाबाई ऐकत राहिली. मग तिनं एकच विचारलं, "आता काही होऊ शकते का जी?"

"उद्या मी याले घेऊन वर्ध्याले जातो," डाकभाऊ म्हणाले. "होईन का नाई होईन, सांगता येत नाई बाई. पण चूक कोणाची आहे ते तिथं मी माह्या तोंडानं सांगतो."

शाळेत परतल्यावर त्यांनी माझ्याकडून कोरा कागद मागून घेतला. वाकड्या, ठळक अक्षरात त्यांनी लिहिलं की अमुक पत्र माझ्या हातून चुकीच्या घरी दिलं गेलं, उमेदवाराचा यात काही दोष नाही. खाली सही केली आणि डाकघराचा शिक्का मारण्यासाठी कागद माझ्यापुढे ठेवला. माझा हात अडला. हा कागद वर गेला तर त्यांच्यावर कारवाई होणार हे उघड होतं. त्यांच्या पेन्शनीला थोडीच वर्षं उरली होती. आणि शिक्का मारणारा म्हणून मीही त्यात येणार होतो. मी तसं बोलून दाखवलं.

"तुमचं खरं आहे मास्तर," ते म्हणाले. "तुम्ही जवान आहा. नका मारू. मी असाच नेतो." त्यांनी कागद उचललाही. मग मात्र मला बसवेना. मी त्यांच्या हातातून कागद घेतला आणि शिक्का मारला. माझ्या आयुष्यात मी धैर्यानं केलेल्या गोष्टी फार नाहीत. त्यातली ही एक, आणि तीसुद्धा एकदा माघार घेतल्यावर केलेली.

वर्ध्याला काय झालं ते मला महादेवनं नंतर सांगितलं. ते दोघे आर्वीहून पहिल्या एसटीनं गेले. मुलाखती घेणारे साहेब आधी भेटेनात. डाकभाऊ दारासमोर खाकी कोटात उभे राहिले. चपराशानं दोनदा बाजूला व्हायला सांगितलं, तर ते दोनदा बाजूला झाले आणि पुन्हा तिथंच येऊन उभे राहिले. दुपारी साहेबांनी आत बोलावलं. कागद वाचून त्यांनी विचारलं, "हे लिहून दिल्यावर तुमच्यावर काय होऊ शकतं, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे जी."

"मग चूक लपवली का नाही? पत्र गहाळ झालं म्हणाला असतात, तरी चाललं असतं."

"पत्र गहाळ झालंच नव्हतं साहेब. ते गावातच होतं. एका वानखड्याच्या घरून दुसऱ्या वानखड्याच्या घरी जायाले पंधरा दिवस लागले त्याले."

साहेबांनी महादेवला शुक्रवारी सगळ्यांच्या शेवटी बोलावलं. यादी लागली त्यात त्याचं नाव होतं. पत्र आलं तेव्हा डाकभाऊंनी ते माझ्यासमोर दोनदा वाचलं आणि नाला ओलांडून नेऊन दिलं. गोदाबाईनं त्यांना गुळाचा चहा दिला. तो पिऊन ते परत आले आणि थैली बांधायला बसले. गाठ मारता मारता म्हणाले, "चहा चांगला करते बाई."

त्यानंतर त्यांची एक सवय सुटली. आळीच्या तोंडाशी ते "कोणते वानखडे?" असं विचारीनासे झाले. पत्रावर नाव अपुरं असलं तर विचारत, "रामाजीचे का रामरावचे?" वडिलांच्या नावानंच विचारत. मी एकदा कारण विचारलं, तर ते म्हणाले, "कोणते म्हणलं की लोक वस्ती सांगते. वस्ती सांगतली की समजायचं ते समजते. इतके वर्ष मी पत्ता विचारून राह्यलो असं मले वाटे. विचारत दुसरंच होतो." पुढे माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत, शाळेत नाव घालायला आलेल्या कोणत्याही पालकाला मी "कोणते?" हा प्रश्न विचारला नाही.

कागद वर गेलाच होता. माझ्याकडून खुलासा मागवला गेला आणि पुढे समज देऊन मला सोडण्यात आलं. डाकभाऊंना वाटपावरून काढून आर्वीच्या डाकघरात आत बसवलं, शिक्के मारायला. ऊनपावसातून सुटका झाली म्हणून कोणी कोणी त्यांचं अभिनंदन केलं. त्यांची शिक्षा काय होती ते मला ठाऊक होतं. आत बसून शेकडो आडनावं हाताखालून जात, पण त्यांच्यामागचा एकही माणूस समोर येत नसे. शेवटच्या फेरीच्या दिवशी वरच्या आळीतून त्यांना निरोप द्यायला दोन-तीन माणसं आली. वस्तीतली मात्र झाडून सगळी आली होती. नव्या डाकवाल्याची सायकल पुढे आणि डाकभाऊ मागून पायी, असे ते घराघराशी थांबत, प्रत्येकाचं नाव आणि बापाचं नाव त्याला सांगत गेले.

पुढे माझी बदली हिंगणघाटकडे झाली आणि भेटी कमी झाल्या. निवृत्तीनंतर त्यांना मोतीबिंदू झाला. मी गेलो की ती जाड यादी माझ्या हातात देत आणि कुठलं तरी पान वाचायला लावत. महादेव कारंज्याकडच्या एका शाळेत मास्तर झाला होता. तो रविवारी येऊन वाचून दाखवतो, असं डाकभाऊंची बायको, जिला आम्ही काकू म्हणत असू, कौतुकानं सांगे.

ते गेले त्या दिवशी मी नेमका कामासाठी आर्वीत होतो. त्यांच्या घरच्या अंगणात कोष्टीपुऱ्यातली, म्हणजे त्यांच्याच आळीतली माणसं जमली होती, त्यांचे भाऊबंद, जातभाई. निघायची वेळ झाली तेव्हा महादेव आला. पहिल्या बसनं निघाला होता, तरी उशीर झाला होता. तो दाराबाहेर चपला काढून तिथंच उभा राहिला. तिरडीजवळच्या एका म्हाताऱ्यानं मान वळवून काकूंना विचारलं, "हे पाव्हणे कोण?"

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी डोळे पुसले आणि दाराकडे पाहिलं.

"घरचे आहेत," त्या म्हणाल्या. "त्यायले पुढं येऊ द्या."

माणसं बाजूला झाली. महादेव आत आला, वाकला आणि त्यानं तिरडीची पुढची बाजू खांद्यावर घेतली.